जुनी पिकअप थरथरते, आवाज करते: इंजिन खोलायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या उन्हाळ कांद्याच्या सीझनला माझी पिकअप स्लोवर (रेस न देता, इंजिन चालू) उभी असली की एवढी हलायची की साइडच्या आरशात मागचं काही दिसायचं नाही, डॅशबोर्डवर ठेवलेल्या पावत्या घसरून खाली पडायच्या, आणि इंजिनातनं सारखं खट खट खट. गाडी जुनी आहे, चार सिलिंडर डिझेल, अडीच लिटरच्या आसपासचं इंजिन, डिझेलचा पंप मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक नाही. एका गॅरेजमधे दाखवली तर तिथे बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं की भाऊ रिंग-पिस्टन गेले, बोअर करावं लागेल, म्हणजे सिलिंडर आतून घासून नवे पिस्टन, इंजिन उतरवायचं म्हणजे आठ-दहा दिवस गाडी उभी. लासलगावला माल घालायचा तो ऐन टाइम, मी म्हटलं दोन दिवस द्या मी जरा बघतो. शेवटी निघालं काय तर एका बाजूचं फाउंडेशन रबर, ज्यावर इंजिन बसतं ते, फाटलेलं आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा नोझल, म्हणजे डिझेल फवारतो तो, टिपकत होता. इंजिनला हात लावायची गरजच पडली नाही.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण गावाकडे पोटापाण्याच्या गाड्या याच आहेत, जुन्या बोलेरो पिकअप, टाटा २०७, आणि आवाज आला की लोक घाबरून सरळ इंजिन खोलायला देतात. एकदा खोललेलं इंजिन आवाज कुठला होता ते सांगत नाही, ते चालू असतानाच सांगतं.

सगळ्यात आधी पाना नाही, मोबाइल हातात घ्या आणि आवाज कधी येतो ते लिहून काढा. सकाळी थंड गाडीला येतो का गरम झाल्यावर, स्लोवर येतो का रेस दिल्यावर, रिकाम्या गाडीला का लोड भरल्यावर, चढाला का उताराला, क्लच दाबल्यावर बदलतो का. हे नीट लिहिलं तर अर्धं काम इथेच झालं. आवाज रेकॉर्ड पण करून ठेवा, गॅरेजला नेली की नेमकी गाडी गप्प बसते हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मग पहिली फोड करायची ती उभी गाडी आणि चालती गाडी. न्यूट्रलला उभी असताना हलत असेल तर दोष इंजिन, त्याची फाउंडेशनं, क्लच किंवा गिअरबॉक्सचा पुढचा भाग यातच आहे. उभी असताना गुळगुळीत आणि चालताना थरथरत असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ज्या स्पीडला थरथरते तिथपर्यंत न्या, न्यूट्रल करा आणि तशीच वाहू द्या, इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टेअरिंगचा प्रश्न आहे. स्पीड तोच पण इंजिन स्लोवर आलं आणि तरी थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही, मागे बघा, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा), त्याचे क्रॉस (शाफ्टचे सांधे), चाकं. ताशी ६० ला पिकअपचं चाक सेकंदाला आठेक फेरे मारतं आणि शाफ्ट डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या) रेशोप्रमाणे साधारण त्याच्या चौपट, त्यामुळे चाकाचा दोष डुगडुग असा मोजता येण्यासारखा लागतो, स्टेअरिंगमधे जाणवतो, आणि शाफ्टचा दोष बारीक भुर्रर्र असा पायाखालच्या पत्र्यातून आणि सीटमधून येतो. लांब चॅसिसच्या गाडीला शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, मधे सेंटर बेअरिंग, त्याचं रबर लोंबलं की गाडी उचलताना थरथरते आणि मग स्पीड घेतल्यावर बरी वाटते. क्रॉस गेला असेल तर पहिल्यात क्लच सोडताना टंक असा एकच ठोका येतो. गाडी उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून खाली जा आणि शाफ्ट हाताने पिळून बघा, क्रॉसच्या चारही टोकांत हलायला नको. शाफ्ट काढायचा झाला तर दोन्ही फ्लँजवर आणि मधल्या स्प्लाइनवर आधी पांढऱ्या रंगाने खूण करा, तसाच बसवा, एक दात जरी फिरून बसला तरी नवे क्रॉस टाकून सुद्धा थरथर राहते आणि मग माणूस विनाकारण इंजिनकडे बोट दाखवतो.

आता उभी गाडी. इथे क्लचची टेस्ट एक मिनिटाची आहे आणि बरेच जण करतच नाहीत. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय बाजूला, आवाज ऐका. मग क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लच प्लेटच्या ढिल्या स्प्रिंगा. दाबल्यावरच आवाज सुरू झाला, घूंऽऽ किंवा कर्रर्र असा, तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबून काहीच फरक नाही तर पुढे इंजिनकडे या.

इंजिनकडे आल्यावर सुद्धा आधी बाहेरचं. जुन्या पिकअपमधे ढिल्या वस्तू एवढ्या असतात की विचारू नका, बॅटरीचा ट्रे, बॉनेटचं लॉक, सायलेन्सरचे हँगर, एअर फिल्टरचा ब्रॅकेट, हौद्याचे यू-बोल्ट. इंजिन स्लोवर ठेवून एकेका वस्तूवर हात दाबून बघा (सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग, सोडून, ते लाकडाने दाबा), दाबल्यावर आवाज थांबला की सापडला. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलं असेल तर फट फट आवाज हुबेहूब टॅपेटसारखा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागासारखा) येतो, थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर लोखंड फुगून कमी होतो, पण तिथे जोडावर काळी काजळी उमटलेली असते, टॉर्च मारून बघा. या एका काजळीच्या डागामुळे किती जणांचे टॅपेट सेटिंगचे पैसे वाचले असते.

मग बेल्ट. इंजिन बंद करून फॅन बेल्ट काढा, परत चालू करा आणि तीस-चाळीस सेकंदच ऐका. आवाज गायब म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा बेल्टच्या पुलीचं बेअरिंग, हाताने एकेक पुली फिरवली की कुठलं खरखरतं ते कळतं. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही म्हणून जास्त वेळ चालवायचं नाही. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या पुलीकडे पण बघा, काही इंजिनांत त्या पुलीच्या दोन रिंगांच्या मधे रबर असतं, ते सुटलं की बाहेरची रिंग लटपटत फिरते आणि आवाज थेट बेअरिंग गेल्यासारखा येतो.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो, टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. टॅपेट कव्हरवर एक, पंपावर एक, टायमिंग कव्हरवर, ब्लॉकच्या खालच्या बाजूला, आणि इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरवर असं फिरत जा, जिथे आवाज जवळ आणि टोकदार लागतो ती जागा. हे करताना गळ्यात उपरणं, रुमाल नको, बाही वर, फॅनच्या बाजूने हात घालायचा नाही. घाईत इथेच बोटं जातात.

फाउंडेशनची गोष्ट जरा थांबून सांगतो कारण माझी गाडी इथेच अडकली होती. इंजिन रबरांवर बसवलेलं असतं, दोन बाजूंना दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली. चार सिलिंडरच्या डिझेलचा स्वभावच हलायचा आहे, ते हलणं रबर गिळतं. रबर फाटलं की तेच हलणं चॅसिसवर येतं आणि केबिन थरथरते, इंजिन मात्र ठणठणीत असतं. ओळख अशी की थरथर स्लोवर सगळ्यात जास्त, रेस वाढवली की कमी, आणि चालू-बंद करताना इंजिन एकदा धाडकन उडी मारतं. बघायची पद्धत: हँडब्रेक ओढा, चाकांना दगड, एक जण आत बसून फूटब्रेक घट्ट धरून पहिल्यात क्लच अगदी जरासा सोडेल, मग रिव्हर्समधे तेवढाच, आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडं कलणारच, पण एका बाजूने बोटभर वर उचललं जात असेल तर ते रबर गेलं.

माझा पुतण्या आत बसला होता आणि ड्रायव्हर साइडने इंजिन असं उचललं गेलं की मलाच ओरडून सांगावं लागलं, बस बस सोड. मग इंजिन बंद करून ब्रॅकेटखाली टॉमी (लोखंडी दांडी) घालून उचललं तर रबर लोखंडी प्लेटपासून सुटून निम्मं वर आलं, आतून काळं चिकट, फुगलेलं, नखाने दाबलं तर नख आत रुतत होतं. वर बघितलं तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइलची बारीक धार ब्लॉकवरून उतरून नेमकी त्या रबरावर जात होती. रबराला डिझेल किंवा ऑइल लागलं की ते सडतं, त्यामुळे आधी कव्हरचं पॅकिंग बदललं आणि मग रबर, नाहीतर नवं रबर पण वर्षभरात गेलं असतं. आणि बदलायची ती दोन्ही बाजूची एकदम, एक नवं कडक आणि एक जुनं बसकं असलं की इंजिन तिरकं बसतं.

रबरं टाकल्यावर माझी थरथर बरीच गेली पण पूर्ण नाही, खट खट होतंच, आणि स्लोवर एक लंगडी चाल राहिली होती. ही लंगडी चाल म्हणजे मिसिंग. हिशोब करून बघा, स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारतं, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सहा-सात. एक सिलिंडर नीट काम करत नसेल तर सेकंदाला सहा-सात झटके बसतात, आणि ते हाताला अगदी स्पष्ट लागतात.

कुठला सिलिंडर ते शोधायला जुनी पद्धत आहे, नोझलच्या पाइपचा नट एकेक करून अर्धा आटा ढिला करायचा. इथे थांबून वाचा: हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला. २०१७ नंतरच्या, म्हणजे धुराच्या बीएस-४ आणि पुढच्या नियमांच्या, पिकअप बहुतेक कॉमन रेलच्या आहेत (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल, ताबा इलेक्ट्रॉनिक), त्यात प्रेशर हजार-दीड हजार बार किंवा त्याहूनही वर जातं, चालू इंजिनवर तिथला नट अजिबात सैल करायचा नाही, डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आतून हात सडतो. तसं कधी झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल. कॉमन रेलला स्कॅनर लावून सिलिंडर एकेक बंद करून बघतात, ते काम त्यांनाच करू द्या. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत सुद्धा नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतो, म्हणून चष्मा घाला, नटावर जाड फडकं धरा, तोंड लांब, आणि खाली सांडलेलं डिझेल लगेच पुसा, गरम मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नका.

नट ढिला केला की त्या सिलिंडरचं डिझेल बंद होतं. जो सिलिंडर चांगला चालू आहे त्याचा नट सोडला की इंजिन लगेच पडतं, म्हणजे फेरे कमी होतात, जास्त लंगडतं. ज्याचा सोडून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. आणि ज्याचा सोडल्यावर खट खट कमी होतं, आवाज त्या सिलिंडरचा. माझ्या गाडीत एक, दोन, चारला इंजिन पडलं, तीनला जेमतेम फरक, पण खट खट मात्र एकदम थांबलं.

आता इथे लोक चुकतात. तीन नंबर म्हटलं की तीनचा पिस्टन, असं नाही. आधी तीनचा नोझल काढून एकमधे टाका आणि एकचा तीनमधे, खालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, बसायची जागा साफ करा. परत नट ढिले करून बघा. दोष नोझलबरोबर एक नंबरला गेला तर नोझल खराब. दोष तीनलाच राहिला तर नोझल निर्दोष, मग पाइप, पंपाचं डिझेल, टॅपेटचा गॅप, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे हवा किती दाबली जाते ते) असं पुढे जायचं. माझा दोष एक नंबरला गेला. चारही नोझल पिंपळगावला पंपवाल्या चाचांकडे नेले, त्यांनी टेस्टरला लावून हँडल दाबलं तर तिघांचा फवारा धुक्यासारखा बारीक, एका झटक्यात चालू आणि एका झटक्यात बंद, आणि चौथ्याच्या टोकाला फवारा सुटायच्या आधीच एक थेंब जमून लोंबायला लागला. चाचा म्हणाले, "बघ भाऊ, हा थेंब टाइमाच्या आधी जळतो, तो तुझा ठोका." दुसरं पटवून द्यायची गरजच नव्हती. नोझलचे नवे टिप (टोकं) टाकून प्रेशर सेट करून दिलं, चारही एकसारखे.

मिसिंग कधी होतं कधी नाही, रेस धरता धरता गाडी बसते, बंद पडते, परत हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की चालू होते, असं असेल तर गाडी एअर घेतेय. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात कुठेतरी हवा शिरते, फिल्टरचं पॅकिंग, क्लिपा, बँजो बोल्टचे वॉशर बघा. फिल्टर आणि पंपाच्या मधे तात्पुरता पारदर्शक पाइप टाकला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यात वॉटर सेपरेटर सोडून पाणी काढत राहा, पाण्याने नोझल फार लवकर जातात.

टॅपेटचा आवाज हलका, टिक टिक, वरच्या कव्हरमधून, आणि क्रँकच्या निम्म्या वेगाने असतो, म्हणून तो मोजता येईल असा सावकाश वाटतो. फिलर गेजने गॅप सेट करायचा, किती ते तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणे, थंड का गरम ते पण तिथेच दिलेलं असतं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या, ढिला टॅपेट ओरडतो पण जास्त टाइट झालेला टॅपेट गप्प असतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, व्हॉल्व्ह जळतो, कॉम्प्रेशन जातं, मिसिंग सुरू होतं. म्हणून आवाज बंद करायच्या नादात गॅप कमी ठेवायचा नाही. पंपाचं टायमिंग पुढे गेलं असेल, म्हणजे डिझेल वेळेआधी सुटत असेल, तर सगळेच सिलिंडर कडक वाजतात, एकच नाही, पंप नुकताच काढून बसवला असेल तर आधी हे तपासायला सांगा.

धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टर काढून झटका. सकाळी पांढरा धूर डोळ्याला झोंबणारा आणि लंगडी चाल, गरम झाल्यावर ठीक, तर एखादा सिलिंडर थंडीत पेट घेत नाहीये, नोझल नाहीतर कॉम्प्रेशन. पांढरा धूर जातच नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर हेड पॅकिंग (ब्लॉक आणि वरच्या हेडच्या मधलं). निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग-पिस्टनचा संशय घ्यायची जागा ही, पण तिथे पण टेस्ट आहे, इंजिन स्लोवर असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. झाकण जागेवर थरथरलं तर चालतं, पण भकाभक धूर येत झाकण उडत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या बाजूने खाली निसटतोय. मग कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. शेजारशेजारचे दोनच कमी आले तर दोघांच्या मधलं हेड पॅकिंग उडालेलं असायची शक्यता जास्त, बोअरची नाही. बोअर करा म्हणणाऱ्याला हे आकडे मागायचेच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पैसे आपले आहेत.

एक आवाज असा आहे की त्याच्यासाठी यातलं काहीच करत बसायचं नाही. खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने, जड, लाकडावर हातोडी मारल्यासारखा ठक ठक, थंड असताना कमी आणि गरम झाल्यावर जास्त, लोड घेतला की वाढणारा. हा बिगेंडचा असतो, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो तिथल्या बेअरिंगचा. वाशीहून परत येताना कसारा चढताना हा आवाज आला आणि सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकला तर घाट संपू दे मग बघू असं करू नका, जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा, गाडी टोचन करून आणा. बेअरिंगच्या टप्प्यावर काम झालं तर इंजिन वाचतं, तसंच रेटलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि मग ब्लॉकच नवा. आवाज फार हलका असेल आणि शंका असेल तर ऑइल काढा, स्वच्छ पांढऱ्या भांड्यात, आणि उन्हात हलवून बघा, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. राखाडी चमचम किंवा तांब्यासारखे कण दिसले तर बेअरिंग घासतंय. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला तर नोझल किंवा पंपातून डिझेल खाली उतरतंय, ते पातळ ऑइल बेअरिंगला खातं, म्हणून टिपकणारा नोझल महिनोन्‌महिने तसाच चालवायचा नसतो. मी नोझल बसवल्यावर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदलले.

फाउंडेशन बसवताना बोल्ट आधीच करकचून आवळू नका. सगळे हाताने लावा, इंजिन चालू करून दोन मिनिटं स्लोवर ठेवा, ते आपल्या जागेवर बसतं, मग बंद करून आवळा, आणि चार-पाच फेऱ्या लोड मारून झाल्यावर परत एकदा पाना लावून बघा. माझा मागचा बोल्ट तेव्हा पाऊण आटा सैल निघाला.